डॉक्टरीणबाई, ते वाइंडिंग पक्कं होतं

सन एकोणीसशे छप्पन. माझं वय त्रेसष्ट, शिक्षण मराठी तिसरी, आणि बॅटरीच्या कामात चाळीस वर्षं. हे आधीच लिहून टाकतो, म्हणजे पुढे कुणी ऱ्हस्व-दीर्घ काढत बसणार नाही.

तुम्ही गेलात त्याला आज नऊ दिवस झाले. इथल्या मराठी मंडळाचे चिटणीस कोरे कागद घेऊन गॅरेजात आले. म्हणाले, "भिकाजीराव, अंकासाठी बाईंच्या चार आठवणी लिहून द्या. जन्म, शिक्षण, दवाखाना कधी काढला, ते सगळं आम्ही घालतो." मी म्हटलं, "मग माझ्याकडे उरलं काय? गाडी!" ते म्हणाले, "गाडीच लिहा." म्हणून गाडीचं लिहितो आहे. पण लोकांना सांगायला बसलो तर हात चालेना. आपलं बोलणं नेहमी समोरासमोर, मधे बॉनेट उघडं टाकून. तसंच बोलतो. तुम्ही ऐका, बाकीच्यांनी हवं तर वाचावं.

आणि एक गोष्ट तुम्हाला सांगायची राहिली आहे. गेल्या दसऱ्याला तुमचा डायनॅमो जळला त्याचं खरं कारण. मी तुम्हाला खोटं सांगितलं होतं, आणि त्या खोट्यापायी हरिपद मिस्त्रीचं नाव खराब झालं. आठ महिने आज सांगतो, उद्या सांगतो करत राहिलो, तुम्ही काही थांबला नाहीत. सांगणार आहे, पळून जात नाही. पण आधी थोडं भांडून घेऊ या. मी सुरुवातीलाच चूक कबूल केली तर तुम्ही माझी नाडी बघायला हात पुढे कराल.

अठ्ठेचाळीस साली चार माणसं तुमची काळी, आठ हॉर्सपॉवरची विलायती गाडी ढकलत भवानीपूरला माझ्या दारात घेऊन आली. स्टीअरिंगवर तुम्ही. मी बंगालीत विचारलं, काय झालं. तुम्ही माझी पाटी वाचलीत आणि मराठीत म्हणालात, "चार दिवस झाले, सकाळी उठत नाही."

मी माझ्या रीतीनं बघितलं. पान्हा बॅटरीच्या दोन खुंट्यांवर आडवा टेकवला. ठिणगी पडली, पण मरतुकडी.

"बॅटरी गेली," मी म्हटलं. "नवी घाला."

"कशावरून?"

"ठिणगी बारीक पडली."

"म्हणजे रोगी आला की तुम्ही त्याला चिमटा काढता, आणि तो हळू ओरडला तर मेला म्हणून सांगता?"

चार माणसांत कुणी मला असं बोललं नव्हतं. ढकलणारे चौघे मराठी कळत नसतानाही हसले. मग तुमची नजर भिंतीकडे गेली. तिथे माझी काचेची पिचकारी टांगलेली होती, आत आकड्यांची कांडी तरंगते ती. बॅटरीतलं ॲसिड ओढून घ्यायचं आणि कांडी किती वर राहते ते बघायचं. खिदिरपूरच्या गोदीतल्या एका साहेबानं विलायतेला परत जाताना मला दिली होती. मी ती शोभेला ठेवली होती. माझं बोट आणि माझा कान मला पुरत होते.

"हे थर्मामीटर भिंतीवर कशाला? द्या इकडे," तुम्ही म्हणालात.

पदर खोचून तुम्ही बॅटरीच्या तिन्ही घरांतलं ॲसिड एकेक करून ओढलंत, आकडे वाचलेत आणि मला कांडी दाखवलीत. "बघा. तिन्ही घरं सारखीच खाली आहेत. एखादं घर मेलं असतं तर तेवढंच खाली गेलं असतं. सगळी सारखी खाली, म्हणजे दोष हिच्या अंगात नाही, बाहेर कुठेतरी आहे. बॅटरी आजारी नाही भिकाजीराव, उपाशी आहे. वाढणारा कुठे झोपलाय ते बघा."

वाढणारा म्हणजे डायनॅमो, बॅटरीला वीज पुरवणारा. मी त्याचा पट्टा अंगठ्यानं दाबला तर तो झोपाळ्याच्या दोरीसारखा झोल खाऊन गेला. वर तेलानं माखलेला. गाडी धावायची आणि पट्टा जागच्या जागी घसरायचा, डायनॅमो काय कमावणार आणि काय वाढणार! पट्टा पुसला, ताणला, बॅटरी एक दिवस चार्जिंगला लावली. दुसऱ्या दिवशी इंजिन चालू करून दिवे लावले आणि तुम्हाला म्हटलं, आता ॲक्सिलरेटर दाबा. दिवे लख्ख झाले. "डायनॅमो देतोय," मी म्हटलं, "याला पिचकारी लागत नाही."

"ही मात्र खरी तपासणी," तुम्ही म्हणालात. "ही मला शिकवा."

एवढं म्हणालात म्हणून मी तुम्हाला गिऱ्हाईक ठेवलं. तरी जाताना मी ऐकवलंच, की पट्टा सैल झाला तो बॅटरी जास्त ओढत होती म्हणून, मूळ दोष बॅटरीचाच. तुम्ही म्हणालात, "हो, आणि ताप येतो तो थर्मामीटर लावल्यामुळे." हे भांडण आठ वर्षं चाललं. अजून मी हरलो असं मी म्हणत नाही.

तुमचा जन्म इथला. मराठी तुमचं चांगलं होतं, पण मधेच बंगालीकडे घसरायचं. "भिकाजीराव, ही बॅटरी फार जल खाते," असं तुम्ही बिनदिक्कत म्हणायचात. मी म्हणायचो, बाई, मराठीत पाणी पितात. तुम्ही म्हणायचात, पीत असेल तर पीत असेल, पण खाल्ल्यासारखं पिते. आणि ते खरं होतं. तुमच्या गाडीत दर पंधरवड्याला पाणी घालावं लागायचं, कारण पट्टा ताणल्यावर तुम्ही तो आणखी ताणायला लावलात आणि डायनॅमो तिला खाऊ घालून घालून उकळायला लागला. हे मी तेव्हाच सांगितलं होतं. वाढणारा झोपला तर उपास आणि वाढणाऱ्यानं आग्रह केला तर अजीर्ण. तुम्ही ते वाक्य तुमच्या रोग्यांना सांगायला लागलात आणि कुणाचं आहे ते मात्र सांगत नव्हतात.

आता मी जिंकलो ते सांगतो. मधे काही दिवस तुम्ही गाडी रोज संध्याकाळी चांगली बंद करून ठेवायचात आणि सकाळी मुडदा. पिचकारी म्हणे उपाशी, दिवे म्हणत डायनॅमो ठीक. तुम्ही कोड्यात पडलात. मी एक छोटा बल्ब घेतला, बॅटरीची एक तार सोडवली आणि खुंटी आणि तार यांच्यामध्ये बल्ब धरला. गाडीतलं सगळं बंद. तरी बल्ब मिणमिणत होता.

"हे काय?" तुम्ही वाकून बघितलंत.

"गळती. कुठून तरी रात्रभर झिरपतंय."

"याला आम्ही आतला रक्तस्राव म्हणतो," तुम्ही म्हणालात, आणि तुमचे डोळे असे चमकले की बल्ब फिका पडला.

मी एकेक तार काढत गेलो. टपावरच्या दिव्याची तार काढल्यावर बल्ब विझला. तार मागच्या सीटखालून गेली होती, तिथे स्प्रिंगखाली चिरडून उघडी पडली होती. आणि ती स्प्रिंग का खचली? कारण तुम्ही तुमची औषधांची लोखंडी ट्रंक आठ वर्षांच्या पोरीसारखी त्याच जागी बसवून गावभर फिरवायचात. म्हणजे रोग डॉक्टरनंच दिलेला! हे मी महिनाभर प्रत्येकाला सांगितलं. तुम्ही ऐकून घेतलंत. ट्रंक मात्र तिथेच ठेवलीत, खाली घडी केलेलं घोंगडं घालून.

आता हसण्यावारी न नेण्यासारखं एक आहे ते लिहितो. बावन्न साली माझं पोट फार दुखायला लागलं. हातांत जोर नाही, तोंडाला चव नाही. मी ठरवून टाकलं होतं, पित्त. सुंठ खात होतो. तुम्ही गाडी घेऊन आलात, मी बॉनेट उघडायला लागलो, तुम्ही म्हणालात, "ते राहू द्या. तुमचं तोंड उघडा."

"गाडीचं काम आहे की माझं?"

"आ करा म्हणते ना!"

तुम्ही माझा ओठ खाली ओढून हिरडी बघितलीत. हिरडीवर निळसर रेघ होती. मी ती कधी पाहिली नव्हती, आपली हिरडी कोण बघतं! तुम्ही विचारलंत, शिसं कुठे वितळवता? मी दाखवलं, आतल्या खोलीत, खिडकी बंद करून, वारा लागू नये म्हणून. जेवता कुठे? तिथेच. हात धुता? फडक्याला पुसतो. तुम्ही कपाळाला हात लावलात. "पित्त नाही. अंगात शिसं भिनलंय. अजून वर्षभर असंच चाललं असतं तर हात लुळे पडले असते."

त्या दिवशी तुम्ही स्वतः हातोड्यानं त्या खिडकीच्या गंजलेल्या कड्या तोडल्यात. जेवायची जागा बदलायला लावलीत. मी आज या कागदावर लेखणी धरू शकतो ती त्या खिडकीमुळे. हे मी तुम्हाला कधी म्हटलं नाही. आपल्यात असं म्हणायची पद्धत नव्हती. तुम्ही विचारायचात, "हात कसे आहेत?" मी म्हणायचो, "पट्ट्यापेक्षा ताठ आहेत." एवढ्यात भागायचं.

आता तो दसरा.

इथल्या कारागिरांची हत्यारांची पूजा भाद्रपद संपताना, विश्वकर्म्याच्या दिवशी. मी पडलो मराठी माणूस, माझी पूजा खंडेनवमीला. यावरून हरिपद मला दरवर्षी चिडवायचा. हरिपद म्हणजे बागबाजारचा वाइंडिंगवाला, डायनॅमोच्या आतली तांब्याची तार गुंडाळून देण्यात त्याचा हात धरणारा या शहरात मी पाहिला नाही. त्याचं दुकान जुन्या मराठा खंदकाच्या बाजूला. तो म्हणायचा, "बर्गीदादा, तुमच्या भीतीनं आमच्या बापजाद्यांनी खंदक खणला, आणि तुम्ही अजून महिनाभर उशिराच येता." बंगाल्यांच्या तोंडी जुन्या मराठा स्वारांना बर्गी म्हणतात, त्यावरून हे. दसऱ्याआधी तीन आठवडे तुमचा डायनॅमो त्यानंच नव्यानं गुंडाळून दिला होता.

खंडेनवमीला तुम्ही दरवर्षी येत होतात. तुमची छाती तपासायची नळी, चिमटे, इंजेक्शनची पेटी माझ्या पान्ह्यांशेजारी पाटावर मांडायचात. म्हणायचात, "माझीही हत्यारंच." त्या वर्षी मी तुमच्या गाडीची बॅटरीसुद्धा काढून, पुसून पाटावर ठेवली होती. आदल्या आठवड्यात तिच्या दोन्ही खुंट्या झिजल्या म्हणून मी वर शिसं ओतून जाड केल्या होत्या. त्यामुळे एरवी एक जाड, एक बारीक असते तशा त्या राहिल्या नव्हत्या, दोन्ही सारख्या झाल्या होत्या. आणि पॉझिटिव्ह खुंटीवर मी नेहमी लाल रंगाचा ठिपका देतो, तो त्या ओतकामात गेला होता. नवा द्यायचा राहिला.

तुम्ही हळदकुंकू घेतलंत आणि हात पोचला त्या खुंटीवर कुंकवाचं बोट टेकवलंत. मग नमस्कार केलात, माझ्या बायकोनं हातावर साखर ठेवली ती खाल्लीत, म्हणालात, "लवकर जोडा, उत्तरेला एक बाळंतीण अडलीय."

मी बॅटरी उचलली, गाडीत ठेवली, लाल खुंटी बघितली आणि पॉझिटिव्हची तार तिला लावली.

बस्स, एवढंच. ते कुंकू होतं आणि मी रंग समजलो. झाकणावर अधिकची खूण कोरलेली होती, ती दुसऱ्या बाजूला होती. तुम्ही जोडत असतात तर खूण वाचली असतीत. मी लाल बघतो. तुमचा यात काडीचा दोष नाही. पूजा करणाऱ्यानं हात पोचेल तिथे कुंकू लावावं, बघून जोडणं हे मिस्त्रीचं काम.

आणि उलटी जोडलेली बॅटरी लबाड असते. इंजिन एका झटक्यात सुरू झालं. भोंगा वाजला, दिवे लागले. तुम्ही मात्र निघायच्या आधी, इंजिन सुरू व्हायच्या आधी, दिवे लावून बघितले होते आणि म्हणाला होतात, "भिकाजीराव, हा चार्जिंगचा काटा बघा. इंजिन बंद, दिवे चालू, आणि काटा चार्जच्या बाजूला. उलटं नको का?"

मी काय म्हणालो? म्हणालो, "पूजेचं पुण्य!"

तुम्ही हसलात आणि गेलात. एवढा सरळ पुरावा कुणी समोर धरला नसेल. बॅटरी उलटी आहे हे तो काटा ओरडून सांगत होता, तुम्ही ऐकलंत, आणि मी थट्टेवारी नेलं.

चौरंगीवर तुम्ही वेग घेतलात तशी डायनॅमोची वीज आणि उलट्या बॅटरीची वीज एकमेकींत घुसली. कटआउट म्हणून जो छोटा दरवाजा असतो, त्याचे पॉइंट वितळून चिकटले आणि डायनॅमो आतून भाजून निघाला. एस्प्लनेडच्या अलीकडे बॉनेटमधून धूर. एका ट्राम कंडक्टरनं मला निरोप दिला. मी पोचलो तेव्हा तुम्ही नव्हतात, ट्रंक घेऊन रिक्षानं पुढे बाळंतिणीकडे गेला होतात. मी बॉनेट उघडलं. खुंटीवर कुंकू. समोरच्या बाजूला अधिकची खूण. कळायला पळभरही लागलं नाही.

मी आजूबाजूला बघितलं, बॅटरी सोडवली, फिरवून नीट बसवली आणि कुंकू फडक्यानं पुसून टाकलं.

तासाभरानं तुम्ही आलात, घामाघूम आणि खूश. "मुलगी झाली. दोघी ठीक. तुमचं निदान काय?"

मी म्हटलं, "हरिपदचं वाइंडिंग कच्चं निघालं."

दुसऱ्या दिवशी हरिपद आला. डायनॅमोचं जळकं आर्मेचर, म्हणजे आतली तारांची गुंडाळी, नाकाला लावून हुंगलं, नखानं खरवडलं. म्हणाला, "डाक्तार-मा, वाइंडिंग कच्चं असलं तर एका जागी काळं पडतं. हे सगळीकडून सारखं भाजलंय. कटआउटसुद्धा चिकटलाय. बाहेरून लोंढा आलाय." मग माझ्याकडे वळला. "दादा, बॅटरी कुणी उलटी जोडली होती का?"

"चाळीस वर्षांत जोडली नाही ती आता जोडीन?" मी ओरडलो. ओरडलो, यावरूनच काय ते समजा.

सगळी घरं सारखी खाली असतील तर दोष बाहेर असतो, हे तुम्हीच मला पहिल्या दिवशी शिकवलं होतं. हरिपद तेच सांगत होता. आणि काटा तर तुम्ही स्वतःच्या डोळ्यांनी बघितला होता. तुम्ही त्याच्याकडे बघितलंत, माझ्याकडे बघितलंत. मग सावकाश म्हणालात, "भिकाजीराव म्हणतात ना, मग तसंच."

उभ्या आयुष्यात तुम्ही एकदाच तपासणीवाचून निदान मान्य केलंत. ते माझ्या शब्दावर. तुम्हाला सगळं कळलं होतं आणि मला झाकलंत, की खरंच माझा शब्द तेवढा जड होता? हे मला आता कळायचं नाही. पहिलं असेल तर शरमेची गोष्ट, दुसरं असेल तर जास्तच शरमेची.

पुढचा डायनॅमो दुसरीकडे गेला. हरिपदचं नाव गॅरेजा-गॅरेजांतून फिरलं. मला दिसत होतं, मी गप्प होतो.

सांगायचा प्रयत्न केला हो. एकदा माघात मला ताप होता म्हणून तुम्ही आलात. बायको पाणी आणायला गेली, आपण दोघंच. मी म्हटलं, आता. "बाई, तो डायनॅमो..." म्हणून तोंड उघडलं आणि तुम्ही त्यात थर्मामीटर घातलात. "जीभ हलवायची नाही." दोन मिनिटं मी छताकडे बघत पडलो. थर्मामीटर बाहेर आला तोवर हिंमत उतरली होती. ताप मात्र एकशे दोन. तुम्ही विचारलंत, "काय म्हणत होतात?" मी म्हटलं, "दर आठवड्याला एकदा बराकपूरच्या रस्त्यानं वीस मैल सलग गाडी हाका. गल्लीतल्या गल्लीत वीस वेळा बंद-चालू करून बॅटरीचं पोट भरत नाही." तुम्ही म्हणालात, "बराकपूरला माझा एकही रोगी नाही, तिथे कुणाला आजारी पाडू?" आणि आपण नेहमीचं भांडायला लागलो. ते सोपं होतं.

गेल्या आठवड्यात एक गृहस्थ दारात येऊन म्हणाले, "बाईंची बॅटरी संपली हो." मी त्यांना असं झापलं की ते छत्री विसरून गेले. बॅटरी संपली तर भरता येते. ज्याला काम कळत नाही त्यानं कामाच्या उपमा देऊ नयेत.

रविवारी मंडळाच्या खोलीत शोकसभा झाली. मला पहिल्या रांगेत बसवलं. वकील बोलले, शाळेच्या बाई बोलल्या. मागे दाराशी हरिपद उभा होता, चपला हातात धरून. मराठी सभेत तो एकटाच बंगाली. अध्यक्षांनी विचारलं तर हिंदीत बोलायला लागला.

"डाक्तार-मांचं गाडीचं काम माझ्याकडे यायचं बंद झालं," तो म्हणाला, "पण त्या आमच्या घरी यायच्या बंद झाल्या नाहीत. माझ्या सुनेचं बाळंतपण त्यांनीच केलं. एक पैसा... ते जाऊ द्या. मला एवढंच वाईट वाटतं, की त्या मला कच्चा कारागीर समजून गेल्या."

आणि खाली बसला.

अध्यक्ष म्हणाले, आता भिकाजीराव. मी उठलो. समोर सत्तर-ऐंशी माणसं, सगळ्यांच्या गाड्या नाहीत, पण माझं नाव सगळ्यांना ठाऊक. मी म्हटलं, "बाई चांगल्या होत्या." आणि बसलो. लोकांना वाटलं गहिवरून आलं. बायको शेजारी होती, ती मला ओळखते.  घरी आल्यावर दार उघडताना म्हणाली, "चाळीस वर्षं दुसऱ्यांच्या तारा तपासताय. आपली कुठे तुटलीय ते बघा." तिला मी काही सांगितलेलं नव्हतं.

दुसऱ्या दिवशी सकाळी धुतलेला सदरा घातला, टोपी घातली आणि एस्प्लनेडला ट्राम बदलून बागबाजारला गेलो. हरिपद दुकानाच्या फळीवर मांडी घालून बसला होता. पुढ्यात आर्मेचर, बोटांत तार, ओठ हलत होते. मी म्हटलं, "हरिपद..."

त्यानं डाव्या हाताचं बोट वर केलं. थांबा. फेरे मोजत होता. आकडा चुकला तर सगळं उलगडून पहिल्यापासून गुंडाळावं लागतं, हे मला माहीत आहे, मी कसा बोलणार! उभा राहिलो. वाक्य तोंडात तयार, आणि हा आपला मोजतोय. मला वाटतं तुम्हीच त्याला सांगून ठेवलं असणार, की हा म्हातारा येईल तेव्हा त्याला लगेच सुटू देऊ नकोस.

शेवटी त्यानं टोक बांधलं, दोरा दातानं तोडला. "बोसुन, दादा."

"बसत नाही. उभ्यानंच सांगायचं आहे. ते वाइंडिंग पक्कं होतं. बॅटरी मी उलटी जोडली. डॉक्टरीणबाईंना खोटं सांगितलं, तुलाही."

 त्यानं चष्मा काढला, धोतराला पुसला, परत घातला. मग म्हणाला, "मला हे त्याच दिवशी माहीत होतं. मला सांगून काय उपयोग?"

"मग कुणाला सांगू?"

तो फळीवरून खाली उतरला आणि गल्लीत जाऊन ओरडला. समोरचा सायकलवाला आला, रेडिओ दुरुस्त करणारा आला, शिंपी गळ्यात टेप घेऊन आला, आणखी चार-पाच जण आले. हरिपद माझ्याकडे हात करून म्हणाला, "आता बोला. बांगलात."

चाळीस वर्षांत माझं बंगाली धड झालेलं नाही. तरी मोठ्यानं सांगितलं. पूजा, कुंकू, काटा, धूर, फडकं, सगळं. "दोष आमार," म्हटलं, "हरिपदर ना." सुरुवातीला ते माझ्या बंगालीला हसले, मग हसायचे थांबले. शिंप्यानं हरिपदच्या पाठीवर हात ठेवला. हरिपद जमिनीकडे बघत होता आणि त्याचे कान लाल झाले होते.

एवढ्यात कोपऱ्यावरचा चहावाला किटली घेऊन धावत आला आणि विचारायला लागला, गर्दी कसली, झालं काय?  सगळे माझ्याकडे बघत राहिले. मी टोपी नीट केली आणि त्याला पुन्हा पहिल्यापासून सांगितलं.